स्पर्शाची विद्या आणि परदेशचा अभ्यास

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात जळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण समितीने आज बोलण्यासाठी विषय घेतला आहे तो फिजिओथेरपीच्या परदेशातील शिक्षणाचा. दहावी-बारावीच्या मुलांच्या सत्कारात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे, की गेल्या वर्षभरात समितीकडे तीन घरांतून हाच प्रश्न आला. एका घरातली मुलगी बी.पी.टीएच. झाली आहे. तिला इंग्लंडला जायचे आहे. वडील विचारतात, प्लॉट विकू की कर्ज काढू? दुसऱ्या घरातला मुलगा एका एजंटाकडे पैसे भरून बसला आहे आणि आपण नेमके कोणत्या अभ्यासक्रमाला चाललो हे त्याला सांगता येत नाही. तिसऱ्या घरात मुलीला हा अभ्यासक्रम घेऊच द्यायचा की नाही यावरच वाद आहे. या तीन घरांशी आम्ही जे बोललो ते आज सर्वांपुढे ठेवतो. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यातले बरेचजण कला शाखेचे पदवीधर, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. पण कागद वाचणे आणि हिशेब मांडणे एवढे आम्हाला येते, आणि या प्रश्नात ते फार उपयोगी पडते.

प्रथम हा व्यवसाय कोणता ते पाहू. फिजिओथेरपीला सरकारी मराठीत भौतिकोपचार म्हणतात. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा उभे करणे, मोडलेले हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणे, जन्मतः स्नायूंवर ताबा नसलेल्या बाळाला मान धरायला शिकवणे, दम लागलेल्या रुग्णाच्या छातीतला कफ सुटा करणे, ही या लोकांची कामे. औषधाची बाटली येथे मुख्य नाही. मुख्य आहे तो हात. थेरपिस्ट हाताने सांधा धरतो, स्नायू चाचपतो, रुग्णाला आधार देतो, व्यायाम करून घेतो. मुंबईत १९५२ च्या सुमारास पोलिओची मोठी साथ आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के.ई.एम. रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. पुढे २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्या साथीने उभी केलेली विद्या राहिली आणि वाढली. आज महाराष्ट्रात नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी मिळते. आपल्या जळगावातही फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे.

हाताची ही विद्या आपल्या समाजाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. का, ते सांगण्यासाठी १९२९ या एकाच वर्षातल्या दोन हकिकती सांगतो. दोन्ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहिल्या आहेत. हे लिखाण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापले.

पहिली हकिकत आपल्या खानदेशातली आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशचे काम आटोपून परतताना धुळे लाइनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करायला ते चाळीसगावी उतरले. ते काम करून चाळीसगाव स्टेशनवर परत आले तेव्हा आपली माणसे हार घेऊन उभी होती. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनवर टांगे भरपूर होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या नेत्याने पायी चालावे हे आपल्या माणसांना सहन होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा मालकाने भाड्याने द्यायचा आणि हाकणारा आपल्यातला शोधायचा. ज्याने लगाम हातात घेतला त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या कठडा नसलेल्या मोरीवर वळण घेताना घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध पडले. त्यांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

दुसरी हकिकत काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची. त्याने पत्र लिहून ती कळवली आणि १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त ते पत्र छापून आले. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मोठ्या मिनतवारीने आला तो या अटीवर, की रुग्णाला वस्तीबाहेर आणायचे. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने रुग्णाला बोट लावले नाही. ती बाई वाचली नाही.

बंधू-भगिनींनो, एका हकिकतीत गाडी हाकणारा हात नाकारला गेला आणि दुसरीत नाडी पाहणारा हात नाकारला गेला. शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्या समाजाची मुले-मुली आज स्पर्शाचीच विद्या शिकतात, आणि कोणत्याही जातीच्या माणसाचा दुखरा गुडघा, आखडलेला खांदा निर्धास्तपणे हातात घेतात. रुग्ण त्यांच्या हातात आपले शरीर सोपवतो. सामाजिक क्रांती सभेत होते तशी रुग्णालयाच्या टेबलावरही होते, असे आम्ही मानतो.

आपल्या धम्माची शिकवणही हीच आहे. विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला अंघोळ घातली आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला एकत्र करून भगवंतांनी समजावले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रोग्याची सेवा करावी. बुद्धांनी नुसता उपदेश केला नाही, आधी स्वतः हात घातला.

म्हणून त्या तिसऱ्या घराला, जिथे मुलीने हा अभ्यासक्रम घ्यावा की नाही हा वाद आहे, आमचे सांगणे असे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, लोक काय म्हणतील, ही शंका नवी नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली नेमकी हीच बोंब उठली होती. मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांमुळे प्रामाणिक काम करणाऱ्या स्त्रियांचीही बदनामी होत होती. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठेवली आणि वागण्याचे कडक नियम घातले. आज ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची जी सनदी संस्था आहे ती त्यातूनच वाढली. थोडक्यात, हा व्यवसाय प्रतिष्ठित केला तो बायकांनी. मग आपल्या मुलींनी त्यात संकोच का करावा?

खानदेशात या विद्येची गरज डोळ्यांनी दिसते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड डोक्यावर-खांद्यावर वाहणारी माणसे, बाजार समितीतले हमाल, कापूस वेचताना दिवसभर वाकणाऱ्या बाया, विटभट्टीवरचे मजूर, भुसावळच्या रेल्वेत आयुष्य गेलेले आपले वडीलधारे. यांच्या कंबरा आणि गुडघे पन्नाशीच्या आत जातात. लकवा झाला की खाटेवर टाकायचे आणि नशिबाला दोष द्यायचा, हीच रीत अजून कित्येक घरांत आहे. या माणसांना कागदावर व्यायाम लिहून देऊन भागत नाही. म्हातारी 'आंग दुखस' म्हणते तेव्हा नेमके कुठे, केव्हा, कोणत्या कामाने हे तिच्या अहिराणीत विचारून घेणारा माणूस लागतो. तो आपल्यातूनच तयार होईल.

मग परदेशी कशाला जायचे, असा प्रश्न येतो. ज्ञानासाठी दूर जाण्याची परंपरा आपलीच आहे. जीवक हा बुद्धांचा वैद्य. तो उकिरड्यावर टाकलेले मूल होता. राजपुत्र अभयाने त्याला वाढवले. मोठा झाल्यावर तो राजगृहाहून दूर तक्षशिलेला गेला आणि तिथे सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने परीक्षा घेतली. तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण अशी एकही वनस्पती त्याला दिसली नाही. गुरूने ओळखले, की याचे शिक्षण पुरे झाले. पण पुढचा भाग परदेशी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. गुरूने दिलेली शिदोरी परतीच्या वाटेवर साकेत नगरीतच संपली. तिथे एका श्रेष्ठीच्या पत्नीचे सात वर्षांचे मस्तकाचे दुखणे त्याने बरे केले, सोळा हजारांचे द्रव्य मिळवले आणि मग तो घरी पोचला. हाती पक्की विद्या होती म्हणून वाटेत पैसे संपले तरी तो अडला नाही.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची कथा आपण दरवर्षी सांगतो, पण तिच्यातला हिशेब सांगत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, आणि त्याबदली दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१६ साली ते लंडनला गेले. मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अपुरे शिक्षण पुरे केले. यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. शिक्षण मध्येच थांबले म्हणजे संपले असे नाही. आणि पैशाची व्यवस्था हा शिक्षणाचाच भाग आहे, ती लाज वाटण्याची गोष्ट नाही.

आता कागदाकडे वळू. या विषयात सर्वांत महत्त्वाचा शब्द पदवी नसून नोंदणी हा आहे. बहुतेक देशांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला तिथल्या नियामक मंडळाची नोंदणी किंवा परवाना लागतो. विद्यापीठाची पदवी वेगळी, मंडळाचा परवाना वेगळा. एजंट पहिली दाखवतो आणि दुसरीबद्दल गप्प बसतो.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे दोन प्रकारचे एम.एस्सी. असतात. एक साधारण दोन वर्षांचे, नोंदणीपूर्व. ते पुरे केले की हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणीला पात्र होतो. दुसरे एक वर्षाचे, प्रगत अभ्यासाचे. ते ज्ञानासाठी चांगले, पण त्याने नोंदणी आपोआप मिळत नाही. गंमत अशी, की आपल्या पदवीच्या आणि अनुभवाच्या कागदांवर नोंदणीसाठी अर्ज इथे बसूनही करता येतो. कौन्सिल तुमचा अभ्यासक्रम तासांसह तपासते आणि इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही एवढे गुण मागते. आपल्या भागातला एक मुलगा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आला आणि मग त्याला कळले, की नोंदणीचा अर्ज आधीच करता आला असता. त्या वर्षाचे कर्ज अजून फिटते आहे.

अमेरिकेत या व्यवसायाची प्रवेशपदवी आता डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही आहे. तिथला अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा, पदवीनंतरचा. आपली बी.पी.टीएच. घेऊन जाणाऱ्याला पदवीची समतुल्यता तपासून घ्यावी लागते, मग राष्ट्रीय परीक्षा, आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. दुसऱ्याच विषयातले एम.एस. केल्याने हा परवाना मिळत नाही. तिथली एक गोष्ट मुलांनी कानाला खडा लावून ऐकावी. परीक्षेतले प्रश्न लक्षात ठेवून ते पुढच्यांना पुरवण्याचे प्रकार उघडकीस आल्यावर २०१० साली भारत, पाकिस्तान, फिलिपाइन्स आणि इजिप्त या चार देशांच्या पदवीधरांना ही परीक्षा देणेच काही काळ बंद करण्यात आले. काहींनी आडवाट धरली आणि प्रामाणिक मुलांची वर्षे गेली. पंचशीलातले अदत्तादान आणि मृषावाद इथेही लागू आहेत.

ऑस्ट्रेलियात बाहेरच्या पदवीधरांची लेखी आणि प्रत्यक्ष रुग्णावरची अशा दोन्ही परीक्षा होतात. कॅनडात कागदांची तपासणी आणि परीक्षा असते. तिथल्या कॉलेजांतील सहाय्यकाच्या पदविकेने सहाय्यकच होता येते, थेरपिस्ट होता येत नाही. जर्मनीत तीन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण आहे, पण ते जर्मन भाषेत. रुग्णाशी बोलल्याशिवाय हा व्यवसाय होत नाही, त्यामुळे भाषा येत नसेल तर तिथला विचारच करू नये. कोणत्याही देशाला जाण्याआधी तिथल्या नियामक मंडळाला स्वतः लिहून विचारावे, की हा अभ्यासक्रम केल्यावर मला नोंदणी मिळेल का. उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाला बँकेत किंमत नसते, तशी इथेही नाही.

आता पैशाचे. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासासाठी वीस लाखांचे कर्ज काढले आणि व्याज दहा टक्के आहे. वर्षाला दोन लाख व्याज. अभ्यासाची दोन वर्षे आणि नंतर सवलतीचे एक वर्ष धरले तर साध्या हिशेबाने सहा लाख व्याज चढते. रक्कम हप्त्याहप्त्याने उचलली तर थोडे कमी. म्हणजे फेड सुरू होते ती सव्वीस लाखांची, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे चौतीस हजार रुपये. हा आकडा घरात मोठ्याने वाचावा. परवाना मिळाला तर तो जड नाही. परवाना मिळाला नाही आणि मुलगा गावी परतला, तर इथल्या सुरुवातीच्या पगारात तो फिटत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारण मागितले जात नाही. त्यावर बहुधा घर किंवा जमीन गुंतवावी लागते. म्हणून प्लॉट विकू की कर्ज काढू, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे, की आधी शिष्यवृत्तीचा अर्ज करा, मग नोंदणीचे लेखी उत्तर आणा, आणि प्लॉटचा विचार सर्वांत शेवटी.

शिष्यवृत्त्या दोन मुख्य आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून चालू आहे. तिच्यात १२५ जागा असून त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जागा. तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. दोन्हीत उत्पन्नाची, वयाची, गुणांची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत, म्हणून पदवी इथेच चांगल्या गुणांनी घ्यावी हे उत्तम. अटी बदलतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, आणि आपला अभ्यासक्रम योजनेत बसतो का हे अर्जाआधीच विचारावे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट हे चार कागद शेवटच्या वर्षाला असतानाच तयार ठेवावेत. वैधता प्रमाणपत्रावाचून अर्ज अडले, असे होऊ देऊ नये. याशिवाय राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे, तिचीही चौकशी करावी.

व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. काही दिवसांसाठी पैसे फिरवून देतो असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. व्हिसा मिळाला तरी फी भरायच्या वेळी ते पैसे खात्यात नसतात आणि मुलगा परक्या मुलखात उघडा पडतो. तिथे काम करून खर्च भागवीन ही आशाही मर्यादेतच ठेवावी. शिकत असताना सत्राच्या काळात इंग्लंडात आठवड्याला २० तासच काम करता येते, अमेरिकेत तेवढेच आणि साधारणतः विद्यापीठाच्या आवारातच. त्यात रुग्णालयातले प्रशिक्षण सकाळी लवकर सुरू होते. रात्री दुकानात उभे राहिलेल्या मुलाला सकाळी रुग्णाला उचलणे झेपत नाही.

आणखी एक गोष्ट. परदेशी गेले म्हणजे जात मागे राहिली असे समजू नये. आपल्याच देशातले विद्यार्थी तिथे आडनाव विचारतात आणि खोली द्यायची की नाही ते ठरवतात, असे अनुभव आपल्या मुलांनी सांगितले आहेत. पण तिथे आता कायद्याचा आधारही उभा राहतो आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, आणि सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. लंडनला गेलात तर किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर जरूर पाहा. विद्यार्थिदशेत बाबासाहेब तिथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले.

आता चाळीसगावच्या टांग्याकडे पुन्हा या. त्या अपघाताबद्दल बाबासाहेबांनी आपल्या माणसांना दोष दिला नाही. त्यांचे प्रेम त्यांना कळत होते. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली. पाहुण्याचा मान राखण्याच्या ओढीत त्याच्या सुरक्षिततेचा विचार राहून गेला. आज आपल्याकडेही असे घडते. शेजारच्याचा मुलगा लंडनला गेला म्हणून आपलाही जावा, वस्तीत फलक लागावा, विमानतळावर पोचवायला दोन गाड्या भरून जाव्यात. हा आनंद आम्हालाही कळतो. शतकानुशतके पायी चालवलेल्या समाजाला आपले मूल टांग्यात बसलेले पाहावेसे वाटणारच. पण लगाम कोणाच्या हातात आहे? रस्ता न पाहिलेल्या एजंटाच्या हातात देऊन मुलाला त्या मोरीवर पाठवू नका. टांगा हाकायला आपल्यातलाच, पण शिकलेला माणूस हवा.

यासाठी समिती संस्थेपुढे तीन सूचना ठेवते. एक, परदेशी शिकत असलेल्या आणि शिकून आलेल्या आपल्या मुलांची यादी करून नव्या इच्छुकाची गाठ त्यांच्याशी घालून द्यावी. नोंदणी मिळवलेल्या एका मुलीचा अर्धा तासाचा सल्ला एजंटाच्या दहा बैठकींपेक्षा मोलाचा आहे. दोन, संस्थेने लहानसा बिनव्याजी निधी उभारावा. त्यातून पूर्ण शिक्षण होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण इंग्रजीच्या परीक्षेची फी, कागदांच्या तपासणीची फी, पासपोर्ट या पहिल्या पायऱ्यांवरच गरीब घरातली मुले थांबतात. तेवढी पायरी आपण बांधू शकतो. परतफेड झाली की तोच पैसा पुढच्या मुलाला. तीन, ज्याला मदत होईल त्याने खानदेशात असेल तेव्हा विहारात किंवा वस्तीत रुग्णांसाठी काही दिवस द्यावेत. बडोद्यासारखा दहा वर्षांचा करार आम्ही मागत नाही. तिकडेच स्थायिक झाला तरी त्याच्यावर राग धरणार नाही. सुटीला आल्यावर चार म्हाताऱ्यांचे गुडघे पाहिले, लकव्याच्या रुग्णाच्या घरच्यांना त्याला कसे उठवायचे ते शिकवले, तरी आमचे देणे फिटले असे आम्ही समजू.

ज्या घरातल्या मुलीने इंग्लंडचे विचारले होते, तिने आता नोंदणीचा अर्ज इथूनच करायचे ठरवले आहे, आणि शिष्यवृत्तीचे कागदही जमवते आहे. प्लॉट अजून जागेवर आहे. पुढे काय होते ते दिसेलच. पण वाट तिने स्वतः वाचून निवडली आहे, याचे आम्हाला समाधान आहे.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब मुक्कामाला होते. न्यायालयाच्या कामासाठी ते धुळ्याला आले होते. दरवर्षी त्या दिवशी आपण हजारोंनी तिथे जातो. यंदा जाल तेव्हा चढणीवर बसलेल्या वृद्धांकडे पाहा. गुडघा धरून, काठी टेकत ती माणसे वर येतात, कारण त्यांना तिथे पोचायचेच असते. त्या वाटेवर आपल्या मुला-मुलींनी एक टेबल मांडून बसावे आणि ज्यांना एके काळी कोणी हात लावत नव्हते त्यांचे दुखणे आपल्या शिकलेल्या हातांनी हलके करावे, एवढी इच्छा व्यक्त करून समितीच्या वतीने आम्ही रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!